तिकीट नाही

दोन दिवस, एक रात्र गाडी हाणून
कच्छचं रण बघितलं.
दस्तगीरनं बूट काढून हातात घेतले,
"चांदणं वाळत घातलंय," म्हणाला.
जिनगोंडा तेवढा उकिडवा बसला,
नखानं एक पापुद्रा उचलून
जिभेवर ठेवला, थुंकला.
बोलला काहीच नाही.

परतताना, आष्ट्याच्या अलीकडं,
फटफटायला त्यानं गाडी थांबवली.
बांधापलीकडं दोन एकर
पांढरं फटक.
मधोमध मोटारीचं गंजकं खोकं, त्यावर टिटवी.
"हे आमचं. तिकीट नाही."
आम्ही हसलो.
"पंचवीस वर्षं उसाला पाणी पाजलं पोटभर,
तेच असं वर आलं."

दस्तगीरनं पुन्हा बूट काढले.
पायाखाली तसंच वाजलं,
कर्र.