पंधरा सेकंद

नागपूरहून आलेले सर म्हणाले,
आवाजात हसू ठेवा.
ओठ फाकवले की हसू माइकमध्ये आपोआप जातं.
मी तीन दिवस ओठ फाकवून
तुरीचे भाव वाचले,
विजेचं वेळापत्रक वाचलं,
हरवलेल्या गोऱ्ह्याची बातमीसुद्धा
ओठ फाकवूनच.

चौथ्या दिवशी फोन आला. एकच.
वाढोण्याच्या इंदिराबाई नेवारे.
"काय व, त्याचं गोऱ्हं हरपलं
अन् तुले हासू येते?"
ठेवता ठेवता हेही विचारून घेतलं,
"अन् ते कोथिंबीर कोथिंबीर म्हनतं,
ते सांबारच ना?"

आमचं केंद्र म्हणजे जिनिंगच्या आवारातली
वजनकाट्याची जुनी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
माइकला अंकुशच्या पोराचा पायमोजा.
आवाज जातो पंधरा किलोमीटर,
टेकडी आडवी आली की बारा.
सहाला लाल दिवा लागतो
आणि त्या बारा किलोमीटरात कोण आहे
मला दिसत नाही.
दिसतो फक्त अंकुश ठवकर, काचेपलीकडं,
शिळी पोळी चहात बुडवताना.

बासरी काढून ढोलकी टाकली.
मग ढोलकीही काढली.
कोडी घातली, बक्षीस ठेवलं, स्टीलचा गंज.
तो तीन आठवडे एकाच घरी गेला
(गुरुजींच्या. त्यांच्याकडं शब्दकोश आहे).

मग एका सोमवारी, का कोण जाणे,
कागद बाजूला सारला आणि विचारलं,
"आज तुमच्या घरी सगळ्यात आधी कोण उठलं?"
आणि थांबले.

एक. दोन. तीन.
अंकुशची पोळी चहात पडली.
त्यानं काचेवर बोटं वाजवली,
मनगटावर नसलेलं घड्याळ दाखवलं.
रेडिओवर रिकामी जागा म्हणजे
कठडा नसलेली विहीर, असं सर म्हणाले होते.
अकरा. बारा.
हेडफोनात माझाच श्वास,
बाहेर काट्यावर बसलेले पारवे.
पंधराला म्हटलं, "बरं,"
आणि सांबाराचा भाव सांगितला.

फोन आला नाही.
मंगळवारी पुन्हा विचारलं. नाही.
"ताई," अंकुश म्हणाला, "मशीन बिघडली समजून
लोकं बटन फिरवतीन."

गुरुवारी सोमवारचाच कार्यक्रम परत लागतो,
मला उशिरा यायची मुभा.
चक्कीच्या गल्लीत सायकलची चेन उतरली.
हात काळे करून बसले होते
तर माझाच आवाज आला,
एका खिडकीतून कोरडा,
एकीतून सर्दी झाल्यासारखा.
"आज तुमच्या घरी सगळ्यात आधी कोण उठलं?"

आणि गल्ली बोलली.
"मीच व माय, दुसरं कोन उठते इथं?"
ही पऱ्हाट्या मोडत, चुलीपुढून.
"बकरी!" हे पोरगं, तोंडात मंजन.
"बाबा!"
"बाबा झोपलेच नाही बे, राती मोटरवर गेलते."
कोणी गंज आपटला, तेही उत्तरच.
आणि कोपऱ्यावर, जिथं दाराशी
चपलांचा एकच जोड असतो,
म्हातारे टेंभरे खाकरले.
"पहिला मी," म्हणाले.
मग, माझ्या मोजणीत अकरा, बारा,
"अन् शेवटलाबी मीच."

"बरं," माझा आवाज म्हणाला
आणि सांबाराकडं वळला.

मी चेन न बसवताच सायकल ढकलत नेली.

शुक्रवारी अंकुशला सांगितलं, आज वीस.
"वीस? वीसमंदी तं लोकं आंघोळ करून येतीन."
येऊ दे, म्हटलं.
"बरं"च्या जागी काय म्हणायचं
ते कागदावर लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
लाल दिवा लागला तेव्हा
सुचलेलं नव्हतं.