परतीचा काटा

उदगीरला चौबाऱ्याजवळ
मैनुद्दीन मणियारांचं दुकान :
खाली चष्मे, वर माळवदावर तार.
मी त्या साली देवणीहून
दुसऱ्यांदा परत आलेली.
काचा घासायला त्यांनी ठेवून घेतलं,
विचारलं काहीच नाही.

त्यांच्याकडं दोन काट्यांचा मीटर होता.
एक काटा, किती गेलं.
एक, किती परत आलं.
"शंभर धाडले की तीस घरी येऊलालेत बग,
मानपान चुकलेल्या व्याह्यावानी, उंबऱ्यावरनंच."

केबल जुन्या टीव्हीची, चपटी.
जोड बसला होता, माप नव्हतं बसलं.
जाणारी लाट न् येणारी लाट तारेतच भिडायच्या
आणि मग कुणी कुठं जायचंच नाही.
रात्री सगळे दिवे घालवून
मी निऑनचा बारका बल्ब केबलीवरनं सरकवत न्यायचे :
पेटायचा.
हातभर पुढं, विझायचा.
अजून हातभर, पेटायचा.
उद्या आलं तरी तो अंधार त्याच जागेवर,
खिळा ठोकल्यासारखा.

"विझलं तिथलं जातंय कुठं, चाचा?"

त्यांनी एक काच पुसून ट्यूबलाइटखाली धरली.
"लेपाच्या वरनं एक उजेड फिरतो, खालनं एक.
दोघांची पावलं उलटी.
एकमेकाला मिटवतात."
"मग मेला?"
"मरंल कसा? परतीची वाट मिटली,
म्हणून पुढं डोळ्यात गेला.
न मिटलेला तेवढा हा जांभळा."
काचेच्या कडेला खरंच
वांग्याच्या फुलाएवढा जांभळा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
आम्ही अँटेना बोट बोट छाटत बसलो.
तीस. अठरा. चाचांनी कटर घसरून अंगठा कापून घेतला,
चिंधी बांधली, परत छाटू लागले.
सात.
मग काटा खाली टेकला आणि उठलाच नाही.

बिदरकडून कुणीतरी म्हणालं,
अगदी शेजारच्या खोलीतनं म्हणावं तसं :
"ऐकू येतंय. कोण बोलतंय?"

चाचांनी माइक माझ्या हातात दिला.
मला सांगायचं असं काहीच नव्हतं.
नाव सांगितलं.
"सुदामती गुळवे. उदगीर."

आणि सवयीनं
मीटरकडं बघितलं.