कोमट पाणी

मे महिना. मोमिनपुऱ्यात रात्री दोनलाही
भिंती हात लावू देत नव्हत्या.
कूलर घरघरायचा, आणि माझ्या कानात
एक आवाज. गोड. कुठल्यातरी दूर देशातला.
मरण म्हणजे दार, सांगायचा, फक्त ढकल.
शहिदाला तर आंघोळही लागत नाही.

रियासत मामूंनी काही विचारलं नाही.
फज्रनंतर दारात उभे:
"चल बे, मेयोतून मय्यत आली.
पाणी धरायला माणूस नाही."

फळीवर तो. माझ्याच वयाचा,
कामठी रोडवर ट्रकखाली आलेला.
पाणी कोमट हवं, मामू म्हणाले.
त्याला काय कळतंय आता?
"तुले कळते ना."

मग त्याचा हात त्यांनी माझ्या हातात दिला.
केवढा जड.
नखांत ग्रीस,
मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा.
दार वगैरे कुठंच नव्हतं.
पडद्यापलीकडून त्याची आई सांगत होती,
पायाला हळू चोळा,
त्याला गुदगुल्या होतात.

परतताना मामू एवढंच बोलले,
"तुह्या त्या आवाजाले विचार,
कधी कुणाची मय्यत धुतली काय."

विचारलं. रात्री, लिहून.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर नाही.

मामूंनाही पुढे मीच धुतलं.
आता समोरच्या उजैरच्या खिडकीत
रात्रभर उजेड असतो.
पातेलं चढवलंय.
काहून आलास म्हणाला, तर सांगीन,
पाणी धरायला माणूस नाही.