रकाना नसताना

ठिकाण: फान थिएतच्या दक्षिणेला, व्हिएतनाम.
लांबी: चार मीटर बारा सेंटिमीटर.
टेप शिंपीकामाची, तीनदा लावावी लागली.
चोच निमुळती. खालच्या जबड्यात दोनच दात,
हिरडीत अर्धे बुडालेले.
डावा डोळा खेकड्यांनी नेलेला.

ही जात जिवंत कुणी पाहिल्याची
आमच्या दप्तरात एकही नोंद नाही.
जे ठाऊक आहे ते असंच,
कुठल्या ना कुठल्या वाळूवर उशिरा पोचून.

बायका तांदळाची दारू घेऊन आल्या.
मी कातडीचा तुकडा कापेपर्यंत थांबल्या,
मग धुतलं त्याला, शेपटीपासून चोचीपर्यंत,
आणि कापल्या जागी लाल फडकं ठेवलं.
मासा काय म्हणतेस, एकीने दटावलं.
आजोबा म्हण.

थोआय, वय एकोणीस,
पहाटे शिंपले वेचायला निघालेला.
त्याच्या कपाळाला पांढरी पट्टी बांधली.
ज्याला आधी दिसला तो थोरला मुलगा;
सुतक त्याचं, तीन वर्षं.
पुढच्या महिन्यात लग्न होतं याचं,
मागे कुणीतरी पुटपुटलं.

फॉर्मवर विचारलंय: प्रथम पाहणाऱ्याचं नाव.
लिहिलं.
त्यापुढे, रकाना नसताना,
नातं.
ओल्या कागदावर शाई जराशी फुटली.

तीन वर्षांनी हाडं उकरून देवळात नेऊ,
थोआय म्हणाला,
तेव्हा ये कवटी मोजायला.
पण टेप तुझी आण.
ही आईची आहे.