ऊन खाणं

नोव्हेंबर सरता सरता
वार्दोच्या बेटावरून सूर्य निघून जातो,
वाण्याची उधारी बुडवून गेल्यासारखा.
मग माझ्याकडे नळ्या वाढतात.

किर्केनेसच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी दिवसभर रक्त तपासते.
माणसं दिसत नाहीत, चिकटपट्टीवरची नावं दिसतात.
योरुन एलियासन, वय एकोणसाठ.
ड जीवनसत्त्व: एकोणीस.
सीआरपी: चौदा.

या नावापाशी माझा हात थांबला.
माझ्या आईच्या शेजारी उभं राहून
हिनं तीस वर्षं कॉड चिरला,
मांस फळीवर, काळीज बादलीत.
त्या काळजात सगळा उन्हाळा तेल होऊन साठलेला.
लहानपणी तिची आई नाक दाबून चमचा ओतायची,
आणि योरुन पाठ वळताच तो मांजराला पाजायची.
मांजर एकवीस वर्षं जगलं.

आता बोटांचे सांधे सुजलेत.
अंगठी आधी साबणानं, मग कानशीनं निघाली.
रात्री म्हणे हात जळतात.
बाहेर उजेडाचा थेंब नाही,
आत मात्र आग.

बर्गेनहून आलेला पोरगेला डॉक्टर खरं बोलला:
"ड कमी असलेल्यांत सूज जास्त सापडते.
पण कोणी कोणाला खाल्लं, ते रक्त सांगत नाही.
सूजसुद्धा ड गिळते म्हणतात.
थेंब घ्या. चमत्कार मागू नका."

मीही तेवढंच छापते.
आमच्या कागदावर
'कारण' नावाचा रकाना नाही.

जानेवारीत दुसरी नळी आली.
ड एक्कावन्न.
सीआरपी तेरा.
मशीन पुन्हा चालवून पाहिलं. तेराच.

त्याच आठवड्यात घरी गेले.
शाळेची पोरं टेकाडावर, कोणीतरी थर्मास विसरलेला,
आणि समुद्राच्या कडेवर
अख्खी तांबडी चकती वर आली.
तोफ वाजली तशी कुत्री भुंकली.

गर्दीच्या मागे योरुन.
एक हातमोजा काढून
सुजलेला हात तिनं वर धरलेला, बोटं पसरून.

इतक्या तिरक्या उन्हातून
कातडीला काहीच मिळत नाही.
मला माहीत आहे, मी हेच काम करते.
जवळ जाऊन सांगणार होते.

तिनं डोळे मिटले होते,
आणि ती ऊन खात होती.
मी माझाही हातमोजा काढला.