पसंतीक्रम

मी भूगोल शिकवते.
मार्गदर्शन माझ्याकडे आलं ते
वेळापत्रकात माझे तास कमी होते म्हणून,
आणि संगणक खोलीची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते म्हणून.

फॉर्मवर दहा रकाने. पसंतीक्रम एक ते दहा.
पहिल्या रकान्यात बहुतेकजण
शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी भरलेलं तेच भरतात.

ज्योएल डिमेलोला हॉटेल मॅनेजमेंट.
का रे? तर मामा बोटीवर शेफ आहे,
त्याच्या प्रत्येक फोटोत मागे बर्फ असतो.
मी हसले नाही. बर्फ मीही पाहिलाय तो फक्त
जेटीवर, फावड्याने मासळीवर ओढतात तेवढाच.
विचारलं, दहा तास उभा राहशील?
पाच किलो कांदा, रोज?
म्हणाला, उद्या सांगतो.
बरं वाटलं.
इतक्या वर्षांत
उद्या सांगतो म्हणणारे फार थोडे भेटले.

परुळेकरांच्या मैथिलीला चौऱ्याण्णव टक्के,
त्यामुळे बोलतात तिचे पप्पा.
डॉक्टर, कोल्हापूरचा क्लास, हॉस्टेलचे पैसेसुद्धा भरून झालेत.
ती फॉर्मच्या पाठीमागे तिसऱ्याचं शिंपलं काढत बसलेली,
त्याच्यावरच्या रेघा एक एक मोजून.
मी विचारलं, किती झाल्या?
पप्पा म्हणाले, कसल्या?

दीक्षिता जुवाटकर वडिलांना घेऊन आली,
की वडील तिला, ते कळलं नाही.
"माका डिझेल मेकॅनिक होवचा आसा."
मी यादीत बोट फिरवत राहिले.
माझ्याच तोंडून निघालं, तिथे सगळे मुलगेच असतील गं.
तेव्हा जुवाटकर खुर्चीच्या कडेवर सरकून बसले,
"बाई, पायपात हवा धरली काय
खयचो नट किती फिरवचो, ह्या माका कळना नाय.
माझा मशीन ह्या चेडूच चालू करता."
मग जरा थांबून,
"पण लगीन जुळवताना काय सांगू, ता लिवन देवा."
ती खाली मान घालून नखातलं काळं तेल
दुसऱ्या नखाने काढत होती.
रकाना एक: मी आधी पेन्सिलीने लिहिलं.
तिने माझ्या हातातलं पेन घेतलं.

पेन्सिलीची सवय हेरंब कोचरेकरपासूनची.
दोन वर्षांपूर्वी त्याला म्हणाले, सायन्स घे.
एकसष्ट टक्के. खाली शेरासुद्धा मारला: मुलगा हुशार आहे.
हुशार होताच. वाऱ्याने कूस बदललेली
माझ्या नकाशाआधी त्याला कळायची.
अकरावीची दिवाळी झाली आणि त्याने
तालुक्याची एसटी सोडली. कुणालाच सांगितलं नाही.
आता ट्रॉलरवर खलाशी आहे.
परवा जेटीवर भेटला, "बाई, बांगडे घेवा,"
आणि पैसे काही केल्या घेईना.
ते कालवण मला गोड लागलं नाही
असं म्हटलं तर खोटं होईल. पोटभर जेवले.
झोप आली नाही, एवढंच.

चुकलं माझं, असं त्याला म्हणायचं होतं.
म्हणाले ते, आयटीआयचे फॉर्म निघालेत.
त्याने रिकामी टोपली उलटी करून आपटली,
दोन खवले उडून माझ्या साडीला चिकटले.
"बघू. बंदीत येतंय."

एक तारखेला बंदी लागली.
ट्रॉलर जेटीला बांधले, होड्या वाळूत वर ओढल्या,
माणसं दुपारभर पत्ते खेळताहेत.
आज सहा.
सर्व्हर बंद आहे, पंखा चालू आहे.
त्याच्या मार्कलिस्टची माझ्याकडची झेरॉक्स
उडू नये म्हणून कीबोर्डखाली ठेवलीय.

पायरीवर कुणीतरी
चपलांतली वाळू झाडतंय.
ज्योएल असेल.
उद्या सांगतो म्हणाला होता.