झडपा

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं,
ही बघा झडप. उघडते, मिटते.
रक्त पुढं जातं, मागं येत नाही.
म्हटलं, बाई, हे मला नका शिकवू,
एकतीस वर्षं हेच केलं.

त्या हसल्या नाहीत.
यंत्रातून आवाज येत होता,
ओल्या वहाणांनी कुणी चिखलातून चालावं तसा.

सांगतो.
नेरुळचा आमचा पट्टा भरतीच्या पातळीखाली.
मोठ्या उधाणाला खाडी रस्त्याहून उंच उभी राहते,
मध्ये असतो धारण तलाव,
तलावाच्या तोंडाशी लोखंडी झडपा.
ओहोटीला उघडायच्या, भरतीला मिटायच्या,
पाण्याच्याच रेट्यानं,
ना मोटर, ना बटण.
मी त्यांचा फिटर.
बिजागरीत ग्रीस, कडेला रबर,
फटीत अडकलेल्या नारळाच्या शेंड्या, गणपतीचा पाट,
एकदा सायकलचं अख्खं चाक.

एक झडप चार वर्षं बांधून ठेवलेली,
कुठलंसं टेंडर अडलं होतं म्हणून.
सोडवायला गेलो तेव्हा
घण, डिझेल, तीन माणसं आणि शिव्या.
खारं पाणी तर सगळ्यांनाच होतं,
शेजारच्या दोघी रोज हलत होत्या,
हिचं हलणं सुटलं, ही धरली.
तसं मी साहेबांना लिहूनही दिलं, दोन प्रतींत.
एक स्वतःकडे ठेवायला हवी होती.

कारण निवृत्तीनंतर सात वर्षं सोफा.
शेव, टीव्ही, परत सोफा.
समोरच्या दुकानातून दूध आणायला स्कूटर.
मग गेल्या पौषात, पहाटे,
डाव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत
कुणीतरी पाना फिरवत नेला.

आता रोज चाळीस मिनिटं.
त्याच तलावाकाठी,
हल्ली त्याला दागिन्याचं नाव आहे
आणि माझ्या चिखलावर फरशा.
सून मनगटाला घड्याळ बांधते, ते पावलं मोजतं.
माझा भरवसा चिंचोक्यांवर.
पंपाच्या खोलीपासून करंजाच्या झाडापर्यंत एक खेप,
एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात.

करावे गावचे हरेश्वर भोईर
बांधावर जाळं विणत बसलेले असतात,
"काय रं फिटर, कंचा चोर लागलाय मागं?"
ते ऐंशीचे. व्यायाम हा शब्द
त्यांनी कधी वापरलेला नाही.

सोबतीला कुरियन, बँकेतले, छातीवर उभी शिवण.
त्यांचा नियम: चालताना बोलता आलं पाहिजे,
गाता येता कामा नये.
गाता आलं तर वेग कमी.
ते स्वतः मात्र शेवटच्या खेपेला
चर्चमधलं काहीतरी गुणगुणतात,
मी ऐकू न आल्यासारखं करतो.

आषाढात नऊ दिवस गेलो नाही.
वहीत मात्र रोज बरोबरची खूण केली,
शाई बदलून बदलून.
दहाव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं,
सोसायटीची नोटीस वाचतोय असं दाखवत.
पाण्याची टाकी धुण्याची तारीख
मला अजून पाठ आहे.

सुटलेल्या दिवसांवर मग गोल काढले.
बाईंना दाखवले.
पहिल्यांदा हसल्या.

परवा करंजाजवळ
कुरियन एकदम थांबले, त्यांच्या त्या मराठीत ओरडले,
"फिटर, तुमची नाडी सुटली!"
माझी दोन बोटं आधी मनगटावर गेली.
पाणी आत की बाहेर, मोजत राहिलो,
एक, दोन, अकरा, बारा,
चालू होती.
मग खाली बघितलं.
उजव्या बुटाची.

वाकलो, गुडघा वाजला, गाठ मारली.
डाव्या खिशात अजून दोन चिंचोके होते.